जर्मनीतील किमान वेतन : परिणामांचे मोजमाप

जर्मनीत तासाला ८.५० युरो हे पहिले देशव्यापी कायदेशीर किमान वेतन १ जानेवारी २०१५ रोजी लागू झाले. त्याआधी बांधकाम, इमारत-सफाई अशा मोजक्या उद्योगांतच बंधनकारक दर होते. इतरत्र भिस्त कामगार संघटना आणि मालक यांच्यातील सामूहिक करारांवर होती आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्या कक्षेतील कामगारांचे प्रमाण घटत गेले होते. नव्या कायद्याने ९ लाखांपर्यंत नोकऱ्या जातील, असाही अंदाज तेव्हा वर्तवला गेला. तसे झाले नाही. मात्र नेमके काय झाले हे सांगणे दिसते त्यापेक्षा अवघड आहे.

मुख्य अडचण तासांची. न्यूरेंबर्गच्या रोजगार संशोधन संस्थेकडील (आयएबी) माहिती मालकांनी समाजसुरक्षा विम्यासाठी कळवलेल्या नोंदींतून येते. व्याप्ती प्रचंड, वेतनाचे आकडे विश्वासार्ह. पण त्यांतून दिवसाची सरासरी मिळकत निघते आणि काम पूर्णवेळ की अर्धवेळ एवढेच कळते. कायदा तासाचा, आकडे दिवसाचे. २०१५ पूर्वीची काही वर्षे अपघात विम्यासाठी तासही कळवले जात. त्यांतही कुणी कराराचे तास लिहिले, कुणी प्रत्यक्षातले, म्हणून वापरण्यापूर्वी ते एका मापावर आणावे लागतात. शिवाय विमा-वर्गणीच्या कमाल मर्यादेवरचे वेतन नोंदींत कापलेले असते. किमान वेतनाच्या अभ्यासाला त्याने बाधा येत नाही. विषमतेच्या अभ्यासाला येते.

बर्लिनच्या डीआयडब्ल्यू या आर्थिक संशोधन संस्थेचे कुटुंब-सर्वेक्षण १९८४ पासून चालू आहे. त्यात तास कामगार स्वतः सांगतात. मालकांकडून आकडे घेणाऱ्या सरकारी वेतनरचना सर्वेक्षणापेक्षा त्यात ‘किमानपेक्षा कमी मिळणारे’ बरेच जास्त दिसतात. आठवणीतील चुका हे त्याचे एक कारण, कागदावर न आलेले जादा तास हे दुसरे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. एकच उचलणारा लेख सावधपणे घ्यावा.

परिणाम काढण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत ८.५० च्या खाली असलेल्यांची पुढील दोन वर्षांतील वेतनवाढ वरच्या गटाशी ताडतात. येथे नवखे अभ्यासक हमखास फसतात: एखाद्या वर्षी फार कमी कमावणाऱ्याची मिळकत कायदा नसतानाही पुढे वाढते. त्यामुळे २०१५ पूर्वीच्या तशाच गटाची वाढ वजा करावी लागते. दुसरीत सुमारे ४०० जिल्ह्यांना, तेथील वेतन नव्या दरापासून किती खाली होते त्यानुसार क्रम लावतात. पूर्वेकडील जिल्ह्यांना फटका जास्त. दोन्हींत प्रशिक्षणार्थी, प्रशिक्षण पूर्ण न झालेले १८ वर्षांखालील कामगार आणि नव्या नोकरीच्या पहिल्या ६ महिन्यांतील दीर्घकालीन बेरोजगार वगळावे लागतात, कारण त्यांना कायद्यात सूट आहे.

डस्टमन, लिंडनर, शोनबर्ग, उमकेरर आणि फोम बेर्गे यांच्या २०२२ च्या अभ्यासात या दोन्ही पद्धती आहेत. वेतन वाढले, रोजगार घटल्याचे दिसले नाही आणि कमी वेतनाचे कामगार अधिक पगार देणाऱ्या, मोठ्या आस्थापनांकडे सरकले. हा तिसरा निष्कर्ष सर्वांत मोलाचा, कारण केवळ सरासरी पाहून तो सापडला नसता. आस्थापना-सर्वेक्षणावरील अभ्यासांत मात्र किंचित घट दिसते, तीही कामावरून काढण्यापेक्षा नवी भरती कमी झाल्यामुळे.

स्पष्ट घट झाली ती ‘मिनीजॉब’मध्ये, म्हणजे मासिक मिळकत ठरावीक मर्यादेत असलेल्या आणि नेहमीच्या समाजसुरक्षा विम्याबाहेरच्या छोट्या नोकऱ्यांत. महिना ४५० युरोंच्या मर्यादेत तासाला ५ युरोंनी ९० तास काम बसे, ८.५० ने जेमतेम ५३ तास. यांतल्या बऱ्याच नोकऱ्या विमाधारक नोकऱ्यांत बदलल्या. म्हणून मिनीजॉबची घट म्हणजे तेवढ्या नोकऱ्यांचा नाश, असे धरणे चूक.

आयएबीच्या मूळ नोंदी घरी नेता येत नाहीत. अर्ज मंजूर झाल्यावर चाचणी-डेटावर आज्ञावली लिहायची आणि ती संस्थेच्या डेटा-केंद्रात किंवा दूरस्थ यंत्रणेतून चालवायची. एखाद्या कोष्टकाच्या रकान्यात २० पेक्षा कमी नोंदी असतील तर गोपनीयतेसाठी तो बाहेर सोडत नाहीत. लहान जिल्हे आणि उद्योग एकत्र तपासणारे कोष्टक इथेच अडकते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये संसदेने एरवी दर सुचवणाऱ्या किमान वेतन आयोगाला बगल देऊन दर १०.४५ वरून थेट १२ युरोंवर नेला. या वाढीचा परिणाम वेगळा काढणे अधिक कठीण आहे: महागाई शिगेला होती आणि त्याच दिवशी मिनीजॉबची मर्यादाही ५२० युरो झाली, म्हणजे नव्या दराने आठवड्याला १० तास.