शाळेतला मसावि आणि फिक्सीचा टायर

फिक्सी म्हणजे ब्रेक नसलेली सायकल, असं आपल्याकडं सध्या बऱ्याच पोरांना वाटायला लागलंय. रील्समध्ये कुठल्यातरी परदेशातल्या शहरात एक पोरगा ट्रॅफिकमधनं सुसाट जातो, मागचं चाक एकदम लॉक करतो, टायर घासत घासत थांबतो, आणि ते बघून इकडं सांगलीत विश्रामबागला कुणीतरी चांगल्या सायकलीचे दोन्ही ब्रेक काढून टाकतो आणि "केली फिक्सी" म्हणतो. ब्रेक काढल्यानं सायकल फिक्सी होत नाही हो. ती फक्त ब्रेक नसलेली सायकल होते. फिक्सी कशानं होते ते मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ठरतं, आणि तिथं काय चाललंय ते कळलं की ही सायकल किती सुंदर चीज आहे ते पण कळतं, म्हणून हा लेख.

साध्या सायकलीला मागं फ्रीव्हील असतं. त्याच्या आत दोन-तीन छोटे लोखंडी तुकडे असतात, आपले सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. पुढं पायडल मारलं की कुत्रे आतल्या दातात अडकतात आणि चाक ओढतात, पायडल थांबवलं की ते दातांवरून घसरत राहतात. उतारावर पाय थांबवल्यावर जो टिकटिक आवाज येतो तो त्यांचाच. फिक्स्ड गिअरमध्ये, म्हणजेच फिक्सीत, हे कुत्रेच नसतात, दातेरी चक्र सरळ हबवर आट्यांनी घट्ट बसवलेलं असतं. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पायडल थांबवलं तर चाक थांबणार, आणि उलटं मारलं तर सायकल मागं जाणार. एवढंच. सुरुवातीच्या बहुतेक सगळ्या पायडलच्या सायकली अशाच होत्या, 1885 साली जॉन केंप स्टार्लीनं इंग्लंडमध्ये जी रोव्हर सायकल आणली, जिच्यावरून आजच्या सायकलीचा आकार आला, ती पण फिक्स्डच होती. आणि आजही वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकवर, हीच सायकल चालते. 2022 मध्ये फिलिप्पो गान्ना या इटालियन सायकलपटूनं स्वित्झर्लंडमध्ये ग्रेंखनच्या ट्रॅकवर एका तासात 56.792 किलोमीटर कापले ते फिक्स्ड गिअरवर, पुढं 65 दाती आणि मागं 14 दाती, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात जवळजवळ पावणेदहा मीटर. पण वेलोड्रोमवर समोरून कुत्रं येत नाही, म्हैस येत नाही, रिक्षा येत नाही, सगळे एकाच दिशेला जातात, म्हणून तिथं ब्रेक नसणं हेच सुरक्षित असतं, कारण पुढच्यानं कचकन ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. ते कारण सांगली-मिरज रोडला लागू नाही.

आता एक गैरसमज. फिक्सीत पायडल आपोआप फिरतं, त्यामुळं ताकद कमी लागते, असं चांगले शिकलेले लोक पण सांगतात. पायडल एकदम वर किंवा एकदम खाली असताना आपला जोर नीट लागत नाही, आणि फिक्सीत चाक ते पायडल त्या जागेवरून पुढं ढकलून देतं हे खरंय, म्हणून पाय गोल फिरल्यासारखे वाटतात, एक लय लागते. पण ती ऊर्जा सायकलच्या वेगातूनच आली, आणि तो वेग तुम्हीच पायानं दिला होता. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरले आणि वेग ताशी 25 किलोमीटर, तर गतिज ऊर्जा होते साधारण 1900 ज्यूल, त्यातलंच थोडं थोडं परत पायाला मिळतं, वरून काही येत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण व्हॉट्सॲपवर दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी सायकलला डायनामो, बॅटरी आणि मोटर जोडून "एकदा पायडल मारा, कायम चालेल" असा व्हिडिओ फिरवतो, खाली हजार लोक शाबासकी देतात, आणि त्यात विज्ञान शिकवणारे पण असतात याचं मला फार वाईट वाटतं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम दहावीच्या आधी शिकवतात. डायनामो जेवढी वीज देतो त्याहून जास्त ताकद तो चाकातून ओढून घेतो, तीच वीज मोटरला देऊन चाक पहिल्याइतकं फिरणार नाही, विषय संपला.

चालवायला शिकताना पहिली अडचण येते ती आपल्या सवयीची. आपण बहुतेक सगळे लहानपणी फ्रेमच्या मधून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो, म्हणजे अर्धा फेरा पुढं, परत मागं, परत पुढं, आणि मोठं झाल्यावर डाव्या पायडलवर उभं राहून टांग मारायची. फिक्सीवर यातलं एकही चालत नाही कारण पायडल तुमच्यासाठी थांबत नाही. सीटवर बसूनच निघायचं, आणि थांबताना वेग पार कमी होईपर्यंत पाय फिरवत राहायचे. सुरुवातीला मोकळं ग्राउंड घ्या, नाहीतर पहाटे हरिपूर रोड, सपाट आहे आणि गर्दी नसते. पाय थांबवायची इच्छा होईल, विशेषतः स्पीडब्रेकर आला की, आणि तेव्हा पायडल गुडघ्याला असा झटका देतं की सीटवरून उचलल्यासारखं होतं. स्पीडब्रेकरवर सीटवरून थोडं उठायचं पण पाय फिरतेच ठेवायचे. वळणावर पण पायडल फिरतंच, त्यामुळं आतल्या बाजूला जास्त झुकलं तर ते रस्त्याला घासतं, म्हणून क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आखूड घेतात, 165 मिलिमीटरचं. गळीत हंगामात ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी रस्त्यावर दिसली की लांबूनच बाजूला व्हा.

चार-पाच दिवसांनी पायानं वेग कमी करायला जमायला लागतं, मागून वर येणाऱ्या पायडलला थोडा विरोध करायचा. आणि मग दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना दम लागतो पण पाय दुखतात ते उतरल्यावर, एक-दोन दिवसांनी, तसंच हे. दोन्हीकडं स्नायू ताणला जात असताना जोर लावत असतो, आणि आखडत असताना लावलेल्या जोरापेक्षा अशा जोरानं स्नायूच्या तंतूंना जास्त इजा होते. शरीर त्याला हळूहळू सरावतं, घाई करायची नाही.

पायांवर हुकमत आली की पोरं स्किड शिकतात. पाय पट्ट्यात अडकवलेले, अंग पुढं हँडलकडं न्यायचं, दोन्ही क्रँक आडवे आले की पाय लॉक करायचे, मागचं चाक घासत जातं. दिसायला जबरदस्त. आता यातलं भौतिकशास्त्र बघा. सायकल थांबत असताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं, म्हणजे मागचं चाक जेवढं थांबवाल तेवढी त्याची पकड कमी. त्यात स्किडसाठी तुम्ही स्वतःच अंग पुढं नेऊन ते आणखी हलकं करताय, आणि घसरणाऱ्या टायरचं घर्षण फिरणाऱ्या टायरपेक्षा कमीच असतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाला ढोबळ गणित केलं तर चांगला पुढचा ब्रेक सायकलला साधारण 7 ते 8 मीटरमध्ये थांबवू शकतो, नुसतं मागचं चाक न घसरता अगदी नीट थांबवलं तरी 15 मीटर लागतात, आणि स्किड म्हणजे त्याहून जास्त. स्किड हा एक कौशल्याचा खेळ आहे, ब्रेक नाही. ब्रिटनमध्ये 1983 च्या नियमांनुसार फिक्स्ड सायकलला रस्त्यावर पुढचा ब्रेक लागतोच. पुढचा ब्रेक बसवा, यात कमीपणा काही नाही.

पण स्किडमध्ये एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या सायकलीत सगळ्यात जास्त आवडते, आणि ती आहे गणिताची. स्किड करणाऱ्यांपैकी काहींचा टायर फार लवकर फाटतो, आणि तो पण एकाच जागी, बाकी टायर नवा कोरा. लोक टायर खराब लागला म्हणतात. टायरचा दोष नसतो, मसाविचा असतो.

कसं ते सांगतो. समजा पुढं 48 दात आणि मागं 16. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे 48 भागिले 16, बरोबर 3 फेरे. आता स्किड मारताना प्रत्येकाचा एक पाय ठरलेला असतो, कुणाचा उजवा पुढं, कुणाचा डावा, आणि क्रँक नेहमी आडवेच. म्हणजे दोन स्किडच्या मधे पायडलनं किती फेरे मारले ते माहीत नाही, पण ते पूर्ण फेरे असतात हे नक्की. पायडलचे पूर्ण फेरे गुणिले 3 म्हणजे चाकाचे पण पूर्ण फेरे. म्हणजे चाक दर वेळी त्याच स्थितीत लॉक होणार आणि टायरचा तोच तुकडा रस्त्यावर येणार! आज मारा, उद्या मारा, मिरजेत मारा, चेन केवढी का लांब असेना, घासणार तो एकच तुकडा.

आता मागं 17 दात लावा, फक्त एक दात जास्त. 48 भागिले 17, भाग जात नाही, 2 पूर्ण फेरे आणि वर 14/17. पायडलच्या पुढच्या फेऱ्याला बाकी 11/17, मग 8/17, मग 5/17, असं करत पायडलचे 17 फेरे झाले की चाक परत पहिल्या जागेवर येतं. म्हणजे टायरवर 17 वेगवेगळ्या जागा झाल्या. टायरचा घेर साधारण 210 सेंटिमीटर, त्याचे 17 भाग केले तर दर 12 सेंटिमीटरवर एक जागा, म्हणजे जवळपास सगळा टायर सारखा झिजतो. एका दातानं टायरचं आयुष्य, कागदावर तरी, 17 पट.

नियम असा निघतो की मागच्या दातांना दोन्हींच्या मसाविनं भागायचं, जे उत्तर येईल तेवढ्या जागा. 48 आणि 18 चा मसावि 6, जागा 3. 44 आणि 16 चा मसावि 4, जागा 4. 46 आणि 16 चा मसावि 2, जागा 8. 17 ही मूळ संख्या, त्यामुळं पुढं 34 किंवा 51 सोडून नेहमीच्या मापातलं काहीही लावा, मसावि 1 च. म्हणून जाणकार 17 किंवा 19 दाती चक्र मागतात.

आणि तुम्ही दोन्ही पायांनी स्किड मारत असाल तर अजून मजा, कारण मग दोन स्किडच्या मधे पायडलचा अर्धा फेरा पण असू शकतो. अपूर्णांक आधी संक्षिप्त करा आणि मग निम्मा करा. 46/16 म्हणजे 23/8, त्याचा निम्मा 23/16, छेद 8 चा 16 झाला, जागा दुप्पट. पण 48/17 चा निम्मा 24/17, छेद 17 चा 17 च, काही फायदा नाही. म्हणजे संक्षिप्त रूपात अंश विषम असेल तर जागा दुप्पट होतात, सम असेल तर तेवढ्याच राहतात. 47/17 ला मग 34 जागा येतात. हे एकदा वाचून डोक्यात शिरलं नाही तर वहीत दोन जोड्या घेऊन करून बघा, पाच मिनिटांत बसेल. लसावि-मसाविचा व्यवहारात काय उपयोग असं पोरं विचारतात ना, त्यांना सायकल उलटी करून चाकावर खडूनं खूण करून दाखवा. दाखवताना चेनला बोट लावू द्यायचं नाही, फिक्सीच्या चेनमध्ये बोट गेलं तर चाकाच्या सगळ्या वेगानं ते चक्रात ओढलं जातं, बोटं तुटलेली आहेत लोकांची. पॅंटचा पाय दुमडायचा आणि ओढणी बांधून घ्यायची ती पण याचसाठी.

आता जुन्या सायकलची फिक्सी करायची म्हणून फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून घेणारे पण आहेत. नका करू. फ्रीव्हीलच्या हबला एकाच बाजूचे आटे असतात, पुढं पायडल मारलं की ते आवळतात, आणि पायानं मागं जोर दिला की सुटतात. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला थांबायचंय नेमक्या त्याच क्षणी चक्र सैल होऊन पाय मोकळे फिरणार. खऱ्या फिक्स्ड हबवर चक्राच्या बाहेर अजून एक लॉकरिंग असते आणि तिचे आटे उलटे असतात. चक्र सुटायला लागलं की ते लॉकरिंगला आपल्याबरोबर त्याच दिशेला फिरवू बघतं, पण उलट्या आट्यांमुळं ती त्या दिशेला आवळते, आणि चक्र जागेवर राहतं. फार साधी आणि हुशार युक्ती आहे ही. हब तसा मिळतो, तोच घ्या, आणि थोडे दिवस चालवून झालं की लॉकरिंग परत एकदा आवळून घ्या.

साताऱ्याचे वाचक म्हणतील, सांगलीवाल्यांचं सगळं सपाट, आम्ही काय करायचं. खरंय. 46-17 वर, म्हणजे पुढं 46 दात आणि मागं 17, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5.7 मीटर जाते, ताशी 30 ला मिनिटाला 88 फेरे, आरामात जमतं. पण यवतेश्वरच्या घाटात उतरताना वेग 45 झाला की 132 फेरे, आणि पाय थांबवायची सोय नाही, पायडलच तुम्हाला फिरवायला लागतं. चढायला पण 46-17 जड जाईल, 42-17 किंवा 42-19 बघा, दोन्हीत मसावि 1 आहे. आणि हब दोन्ही बाजूंना आटे असलेला घ्या, एका बाजूला फिक्स्ड चक्र, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, पुढं-मागं दोन्ही ब्रेक. टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत गिअर बदलायच्या यंत्रणेला परवानगी नव्हती, तेव्हा ते लोक घाटात उतरून मागचं चाक काढून उलटं लावायचे, दोन बाजूंना वेगळ्या दातांची चक्रं असायची. यवतेश्वरला वर पोचलात की तेच करायचं, चाक उलटं, फ्रीव्हील चेनकडं, चाक मागं ओढून चेन ताणायची, मधे बोटानं दाबली तर एखादा सेंटिमीटर हलेल एवढीच सैल ठेवायची, नट आवळायचे आणि ब्रेक धरत खाली यायचं. 15 नंबरचा पाना खिशात लागतो.