शोकातील अर्थशोध

जवळचे माणूस गेल्यावर विस्कटलेल्या आयुष्याची संगती पुन्हा लावू पाहण्याची मानसिक प्रक्रिया. 'हे असे का झाले?' आणि 'आता मी कशासाठी जगायचे?' हे तिच्यातले दोन प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले नाही तरी दुसऱ्याचे मिळू शकते.

या विचारामागे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (1905–1997) यांचे नाव प्रथम घेतले जाते. नाझी छळछावण्यांनी त्यांचे आईवडील, भाऊ आणि पत्नी हिरावून नेली. पत्नीच्या मृत्यूनंतर दोन वर्षे उलटूनही न सावरलेले एक वृद्ध डॉक्टर त्यांच्याकडे आले होते. तुम्ही आधी गेला असतात तर काय झाले असते, एवढेच फ्रँकल यांनी विचारले. तिचे फार हाल झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते हाल तुम्ही तिच्यावर येऊ दिले नाहीत, हे फ्रँकल यांनी दाखवून दिल्यावर डॉक्टर हात मिळवून शांतपणे निघून गेले.

डेव्हिस, नोलेन-हुक्सेमा आणि लार्सन या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या अभ्यासात असे दिसले, की मृत्यूची संगती लागल्याचा आधार सुरुवातीच्या महिन्यांत मिळतो. त्या अनुभवातून काही गवसल्याची भावना पुढे उपयोगी पडते. गेलेली व्यक्ती वयस्क असेल तर संगती लवकर लागते. आपल्याकडे पिकल्या वयात गेलेल्या आजीबद्दल 'सोनं झालं' म्हणतात. तरण्याताठ्या मुलाच्या दारात असा शब्द तोंडातून निघत नाही.

अशा वेळी जगण्याचा अर्थ बहुधा एखाद्या कामातून शोधला जातो. मुंबईचे भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा मुलगा 2015 मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला; तेव्हापासून ते खडी, राडारोडा टाकून रस्त्यांवरचे खड्डे बुजवतात. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पती दोराबजी यांनी त्यांच्या नावे या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, तेव्हा दोराबजीही हयात नव्हते.

भेटायला येणाऱ्यांनी 'देवाची मर्जी' म्हणून हातात ठेवलेला अर्थ मात्र पुष्कळदा जखमेवर मीठच ठरतो. शिवाय वॉर्टमन आणि सिल्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्येच दाखवले होते, की शोकाचे ठरावीक वळण सर्वांना लागू पडत नाही. अर्थाच्या मागे न लागता सावरणारी माणसेही असतात, आणि त्यांच्यात काही कमी आहे असे मानण्याचे कारण नाही.