हेडफोनचा 'सपाट' आवाज आणि जुना घोळ

कंपनी बदलली की हेडफोनचा आवाज का बदलतो, असं विचारलं तर बहुतेक जण ड्रायव्हरकडे, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतात. त्याचा वाटा आहेच, पण खरी गोम वेगळी आहे. 'सपाट' आवाज, म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंत काहीच फुगवलेलं किंवा दाबलेलं वाटत नाही असा आवाज, नेमका कसा हे स्पीकरसाठी ठरलं होतं. हेडफोनसाठी ते कित्येक दशकं ठरलंच नाही.

स्पीकरचा आवाज डोकं, खांदे आणि कानाच्या पाळीवर आपटत आत शिरतो. जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका ३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते आणि तिथला आवाज चांगलाच फुगवते. मेंदूला हीच सवय. हेडफोन लावला की यातली निम्मीअधिक वाट वगळली जाते. मग काय आणि किती भरून द्यायचं?

बर्लिनच्या बायर कंपनीचा डीटी ४८ हेडफोन आला १९३७ मध्ये, सेनहायझरचा पिवळ्या स्पंजचा, मागून उघडा एचडी ४१४ आला १९६८ मध्ये. या प्रश्नाचं उत्तर तोवर ज्याचं त्यानं शोधायचं होतं. पुढे जर्मनीत आधी 'समोर एकच स्पीकर, खोलीत प्रतिध्वनी नाही' असं धरून मोजमाप झालं. ऐंशीच्या दशकात म्युनिकच्या आयआरटी या प्रसारण-तंत्र संशोधन संस्थेतले ग्युंटर टाइले यांनी आवाज चहूबाजूंनी येतो असं धरायला सांगितलं. व्हिएन्नाच्या एकेजीने त्यासाठी के २४० या हेडफोनची खास 'डीएफ' (डिफ्यूज फील्ड) आवृत्ती काढली. स्टुडिओत हे चाललं. घरी ऐकणाऱ्या अनेकांना मात्र तो आवाज कोरडा, बेस नसलेला वाटतो.

मग प्रत्येकाने आपापली चव धरली. बायरच्या डीटी ९९० वर तबल्यातला डग्ग्याचा घुमारा आणि चाटीचा 'ना' दोन्ही पुढे येतात, गळा किंचित मागे राहतो, आणि 'स', 'श' कानाला बोचतात. सेनहायझरच्या एचडी ६०० (१९९७) आणि ६५० (२००३) वर गळा पुढे असतो. ६५० चा ट्रेबल, म्हणजे वरचे तीव्र सूर, इतका मऊ की शौकिनांनी त्याला 'सेनहायझरचा पडदा' म्हणून टोमणे मारले. ब्रुकलिनच्या ग्राडोवर गिटार अंगावर येते, खोल खर्ज मात्र हात आखडता घेतो. २००८ मध्ये बीट्स आले ते बेस घेऊनच. जाणकारांनी नाकं मुरडली, पण २०१४ मध्ये ॲपलने ती कंपनी तब्बल ३ अब्ज डॉलरला घेतली.

साधारण २०१२ पासून हार्मन या ऑडिओ कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी सोपी वाट धरली: माणसांनाच विचारलं. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, म्हणजे बेस थोडा उचललेला आवाज बहुतेकांना भावला. आज कित्येक कंपन्या या आवाजाच्या आलेखाच्या, म्हणजे 'हार्मन कर्व्ह'च्या, आसपास फिरतात आणि स्वस्त इअरफोनही पूर्वीइतके वेडेवाकडे वाजत नाहीत. तरी हार्मनच्याच आकड्यांत ही पसंती सुमारे ६४ टक्क्यांची आहे. १५ टक्क्यांना आणखी बेस हवा, २१ टक्क्यांना कमी.