गावाच्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा कसा टाकायचा: पात्रता, कागदपत्रं आणि फाइल नेमकी कुठे अडते

पहिले एक गोष्ट क्लिअर करतो, कारण कोणी ना कोणी फोन करून हेच विचारतं, की भाऊ सामूहिक दाव्याची फी किती अन् अर्ज कोणाच्या नावाने भरायचा. फी काहीच नाही. अन् अर्ज कोणा एका माणसाच्या नावाने नसतोच, अर्जदार म्हणजे अख्खं गाव, त्यामुळे 'मी करून देतो, प्रत्येकी इतके द्या' म्हणणारा कोणी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कायद्याचं नाव लांबलचक आहे, अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६, आपण सगळे वनहक्क कायदाच म्हणतो. नियम २००८ ला आले अन् २०१२ ला त्यात मोठी दुरुस्ती झाली. ती २०१२ ची दुरुस्ती छापून फाइलमध्ये ठेवाच, कारण कुठल्याही ऑफिसात वाद झाला की बहुतेक वेळा उत्तर तिच्यातच असतं.

दावे तीन प्रकारचे. नमुना अ हा वैयक्तिक, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसत असाल त्याचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, प्रत्यक्ष कब्जात जेवढी तेवढीच आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावावर, वारसाला जाते पण विकता येत नाही. नमुना ब म्हणजे निस्तार (घरच्या गरजेपुरतं सरपण, लाकूड वगैरे आणणं), चराई, मासेमारी, तेंदू-मोह-डिंक गोळा करणं असे सामूहिक वापराचे हक्क. आणि नमुना क म्हणजे सामूहिक वनसंसाधन, गाव परंपरेने जे जंगल वापरत अन् राखत आलंय त्या सगळ्या जंगलाचं संरक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करायचा हक्क. आज बोलतोय ते या क बद्दल. यात कोणाला प्लॉट मिळत नाही, सातबारावर तुमचं नाव चढत नाही, जंगल जंगलच राहतं, फक्त बांबू कधी तोडायचा, जंगलाचा कुठला भाग राखून ठेवायचा, चराई कुठे बंद करायची हे गाव ठरवतं. ब अन् क दोन्ही सोबतच भरा, हद्दीचा नकाशा अन् पुरावे जवळपास तेच लागतात.

पात्रता म्हटलं तर लोक घाबरतात ते उगाच. आदिवासी गाव असेल तर प्रश्नच नाही. बिगर आदिवासी असाल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, एक पिढी २५ वर्षांची धरून ७५ वर्षं, जंगलाच्या आधाराने राहत असल्याचं दाखवावं लागतं, राहत असल्याचं बरं का, तीच जमीन ७५ वर्षं कब्जात असल्याचं नाही. गाव मिश्र असेल तरी अडत नाही, कारण नमुना क मध्येच लिहिलंय की ग्रामसभेत अशा पात्र लोकांपैकी थोडे जण असले तरी दावा करता येतो. अन् जंगल कुठलं चालतं तर राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यानसुद्धा. 'हे रिझर्व्ह फॉरेस्ट आहे, इथे जमत नाही' असं तोंडी कोणी सांगितलं तर त्यांना म्हणा साहेब हेच लेखी द्या.

आता पहिली जागा जिथे फाइल मरते. ग्रामसभा कोणती? गट ग्रामपंचायतीची ग्रामसभा चालत नाही, गावाची लागते, अन् टोला किंवा पाडा वेगळा राहत असेल, त्याचं जंगल वेगळं असेल तर त्या टोल्याची. आम्ही स्वतः इथे आपटलोय. पंचायतीत चार गावं, ठराव पंचायतीच्या ग्रामसभेचा, फाइल गेली अन् बरेच महिने पडून राहून परत आली, कारण चार गावांच्या लोकांनी मिळून एका गावाच्या जंगलाचा ठराव घेतला होता, अन् खरं सांगायचं तर चूक आमचीच होती, आम्हाला वाटलं सरपंचांची सही असली की झालं.

कोरम पण नीट बघा. गावच्या सगळ्या प्रौढ माणसांपैकी निम्मे तरी हजर पाहिजेत अन् हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. २०१२ च्या आधी दोन तृतीयांश कोरम होता, काही ठिकाणी अजून तेच सांगतात. हजेरी रजिस्टरवर सही-अंगठा त्याच दिवशी घ्या, नंतर घरोघर फिरून घेतलेल्या सह्या लगेच ओळखू येतात, सगळ्या एकाच पेनाच्या असतात. मोहाच्या सीझनमध्ये किंवा धानाच्या रोवणीत सभा ठेवू नका, कोरम होणारच नाही.

त्याच सभेत वनहक्क समिती निवडायची, १० ते १५ जण, दोन तृतीयांश आदिवासी सदस्य, एक तृतीयांश तरी महिला, त्यांच्यातूनच अध्यक्ष अन् सचिव, अन् निवड झाली की प्रांताच्या उपविभागस्तरीय समितीला लेखी कळवायचं. सचिव लिहिणारा पोरगा किंवा पोरगी असू द्या, मानाचा माणूस अध्यक्ष करा.

यापुढचं काम नकाशाचं, अन् माझ्या मते सगळा दावा इथेच जिंकला किंवा हरला जातो, बाकी कागद कोणीही भरू शकतं. लोक काय करतात, बीट गार्डकडून कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाचे भाग पाडून दिलेले नंबर) विचारून घेतात, तेवढेच फॉर्मात टाकतात अन् मोकळे होतात. मग पट्टा आल्यावर कळतं की गावाची जुनी बोडी (लहान तळं), पेनठाणा (देवाची जागा) अन् डोंगराच्या पलीकडचं मोहाचं रान हद्दीच्या बाहेर राहिलं. त्यापेक्षा असं करा, गायता, भूमिया (गावचे पुजारी-जाणते), गुराखी, मोहफूल वेचणाऱ्या म्हाताऱ्या बायका यांना घेऊन दोन-तीन दिवस हद्द पायी फिरा, कुठल्या नाल्यापर्यंत आपलं, कुठल्या दगडापासून शेजारच्या गावाचं, गुरं कुठवर जातात, सगळं त्यांना बोलू द्या अन् एकाने वहीत लिहीत राहा. जागांची स्थानिक नावं तशीच लिहा, त्यांचं शुद्ध मराठी करायला जाऊ नका, कारण जुन्या कागदांत तीच नावं सापडतात. मोबाईलच्या जीपीएसवर पॉइंट घ्या, मग वनखात्याच्या नकाशावर बसवून कक्ष क्रमांक अन् हेक्टर काढा. आधी हद्द, मग नंबर, उलटं नाही.

अन् फिरताना शेजारच्या गावाच्या वनहक्क समितीला सोबत घ्याच. दोन गावांच्या हद्दी एकमेकांवर चढतात हे अगदी कॉमन आहे, एखादं रान दोन्ही गावं पिढ्यान् पिढ्या वापरत असतात. नियमच आहे की अशा वेळी दोन्ही समित्यांनी एकत्र बसून मार्ग काढायचा अन् तसं ग्रामसभेला लिहून द्यायचं, जमलंच नाही तरच वरच्या समितीकडे जायचं. सामायिक वापर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या की विषय संपतो, पण हेच फाइल वर गेल्यावर निघालं तर दोन्ही गावांच्या फायली लटकतात.

पुराव्याचं म्हणाल तर किमान दोन प्रकारचे पाहिजेत. आपल्या पूर्व विदर्भात निस्तारपत्रक अन् वाजिब-उल-अर्ज (गावाचे जंगल-पाणी-चराईचे जुने हक्क अन् रिवाज नोंदवलेले महसुली कागद) मिळाले तर सोनं, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मागा. वनखात्याची कार्यआयोजना (वर्किंग प्लॅन), जुने सर्व्हे-सेटलमेंटचे कागद, जनगणनेची नोंद, गॅझेटिअर हे सगळं चालतं. जागेवरचे पुरावे म्हणजे चराईची रानं, कंदमुळं-चारोळी-हिरडा गोळा करायच्या जागा, पाण्याचे स्रोत, मासे धरायचे डोह, वैदूच्या औषधी झाडांच्या जागा, देवाची झाडं, स्मशानभूमी, यांचे फोटो काढून नकाशावर खूण करा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे, अन् तो लोक सगळ्यात कमी वापरतात. अमुकच कागद आणा असा हट्ट कोणत्याही समितीला धरता येत नाही, अन् सॅटेलाइट फोटो पुराव्याला जोड म्हणून आहे, बाकी पुराव्यांच्या जागी नाही.

मग स्थळ पडताळणी. वनहक्क समिती वनखातं अन् महसूल दोघांना लेखी नोटीस देते, तारीख-वेळ-जागा टाकून, अन् पोच घ्यायची, पोच नसेल तर नोटीस दिलीच नाही असं समजा. अधिकाऱ्यांनी हजर राहून पंचनाम्यावर हुद्दा, तारीख अन् शेरा घालून सही करायची असते. नाही आले तर पडताळणी थांबत नाही. नंतर 'आमचा माणूस नव्हता' म्हणून आक्षेप घेतला तर दावा फेरपडताळणीला गावाकडे परत येतो, अन् दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हा मुद्दा माहीत नसल्यामुळे गावं वर्षानुवर्षं वनपालाची वाट बघत बसतात!

पडताळणीनंतर ग्रामसभा ठराव घेते, तोच कोरम, अन् फाइल जाते प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागस्तरीय समितीकडे, तिथून कलेक्टरच्या जिल्हास्तरीय समितीकडे. फाइलमध्ये भरलेला नमुना ब अन् क, ग्रामसभा सदस्यांची यादी, त्यात प्रत्येकापुढे आदिवासी की इतर पारंपरिक ते लिहिलेलं, नकाशा, कक्ष क्रमांक, लगतच्या गावांची नावं, पुरावे, पंचनामा, ठराव, हजेरी. तीन सेट करा अन् एक गावात ठेवा, पेटीत, कोणाच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत नको.

वरची समिती अपूर्ण दावा परस्पर फेटाळू शकत नाही, तो ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. फेटाळला किंवा क्षेत्र कमी केलं तर कारण लेखी अन् ते तुमच्या हातात द्यायचं. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागाकडे आणि उपविभागाच्या निर्णयाविरुद्ध जिल्ह्याकडे ६० दिवसांत अपील. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा शब्द शेवटचा होता, पण महाराष्ट्रात मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय स्तरावरची समिती आली, तिथे जिल्ह्याविरुद्ध जाता येतं.

मधेच एक सावधगिरी. कधीकधी कोणीतरी 'ग्रामवन' चा ठराव घेऊन येतं, ऐकायला सारखंच वाटतं, पण ती वेगळी गोष्ट आहे, भारतीय वन अधिनियम अन् राज्याचे २०१४ चे नियम यांच्याखाली, तिथे जंगल वनखातं गावाला सोपवतं अन् ते काढूनही घेऊ शकतं. सही करायच्या आधी ठरावावर कायद्याचं नाव वाचा. तसंच अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी अशा सोयींसाठी जंगलजमीन पाहिजे असेल तर ते कलम ३(२) मधलं प्रकरण, १ हेक्टरच्या आत अन् हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत अशी जागा, ग्रामसभेची शिफारस लागते, ते या फाइलमध्ये घुसवू नका.

पट्टा हातात आला की फोटो काढायच्या आधी वाचा. कक्ष क्रमांक अन् हेक्टर आपल्या नकाशाशी जुळतात का, 'वनखात्याच्या परवानगीने' असल्या जास्तीच्या अटी घातल्यात का, असतील तर तिथेच लेखी हरकत द्या. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला साधारण १८०० हेक्टरचा हक्क २००९ ला मिळाला, पण बांबूचा वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला, तोही तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते, अन् बांबू, तेंदू, मध, लाख हे सगळं गौण वनोपजात येतं. इमारती लाकूड, दगड, वाळू येत नाही.

म्हणून पट्ट्यानंतर लगेच ग्रामसभेत व्यवस्थापन समिती निवडा, ग्रामसभेच्या नावाने बँक खातं अन् पॅन काढा, अन् आराखडा बनवा. आराखडा म्हणजे जाड पुस्तक नको, कुठे काय तोडणार, काय राखणार, वणवा कोण बघणार, एवढं तरी पाहिजे. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदू तोडणंच बंद केलं, कारण तेंदूसाठी आग लावतात अन् फांद्या छाटतात, त्यांनी बांबूवर भर दिला. तुमच्या गावाला तेंदूचेच पैसे लागत असतील तर तेही चालेल, ठराव तुमचा आहे. वाहतूक परवान्यांचं पासबुक मात्र पहिली गाडी भरायच्या आधी छापून ठेवा, नाक्यावर रात्री दोन वाजता गाडी अडली की ड्रायव्हरजवळ दाखवायला तेवढंच असतं.