वंडर शाळेत का हवा होता

अपंग मुलांच्या मदतनीस कुत्र्यांविषयी बोलताना ‘फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स’ या अमेरिकन खटल्याचा उल्लेख हमखास येतो. वंडर हा त्यातला कुत्रा; त्याला शाळेत येऊ द्यायचं की नाही, यावरून तो खटला झाला. पण तो समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात अंधांपासून झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. अमेरिकेत ‘द सीइंग आय’ १९२९ ची. चालता न येणाऱ्यांसाठी, हातांत बळ नसणाऱ्यांसाठी कुत्रे तयार करायला मात्र आणखी बराच काळ गेला. बोनी बर्गिन या शिक्षिकेने आशियात फिरताना अपंग माणसं गाढवाच्या आधाराने वावरताना, त्याच्या पाठीवर माल लादून विकताना पाहिली होती. त्यातून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात सांता रोझाला ‘कॅनाइन कम्पॅनियन्स’ ही संस्था उभी राहिली. पडलेली वस्तू उचलून देणं, दार उघडणं, दिवा लावणं ही कामं तिथले कुत्रे शिकू लागले.

मुलांच्या बाबतीत एक अडचण होती. लहान मूल एकट्याने कुत्र्याला सांभाळू शकत नाही. त्यावर तिघांची जोडणी हा तोडगा निघाला: मूल, कुत्रा आणि आई किंवा बाबा. कुत्र्याची जबाबदारी मोठ्या माणसाची, पण काम मुलासाठी. माझ्या मते या क्षेत्रातली ही सगळ्यात शहाणपणाची कल्पना आहे.

आता अमेरिकेतल्या मिशिगन राज्याकडे, जिथे हा खटला उभा राहिला. फ्राय कुटुंबातल्या, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीला २००९ मध्ये वंडर नावाचा गोल्डनडूडल (गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांच्या संकराचा कुत्रा) मिळाला. वॉकर घेऊन चालताना तोल सावरायला, कोट काढायला, शौचालयात उठबस करायला तो तिला मदत करी. शाळेने त्याला नकार दिला. मुलीच्या मदतीला माणूस दिलेला आहेच, मग कुत्रा कशाला, हे त्यांचं म्हणणं. पुढे काही काळ त्याला आत घेतलं, पण वर्गात मागे बसवून ठेवलं. जवळ असूनही तो तिच्या उपयोगी पडू शकत नव्हता. मोठं माणूस सतत सोबत असणं आणि स्वतःच्या कुत्र्याच्या आधाराने स्वतः उठणं यांतला फरक शाळेला कळला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आईवडिलांनी तिला घरीच शिकवलं आणि मग कोर्टात गेले. विशेष शिक्षणाच्या कायद्यातली तक्रारीची लांबलचक प्रक्रिया आधी पुरी करा, असं खालच्या न्यायालयांनी सांगितलं. २२ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी कसोटी म्हणून दोन प्रश्न सुचवले. हीच तक्रार वाचनालयाविरुद्ध करता आली असती का? शाळेत आलेल्या एखाद्या प्रौढ माणसाला ती करता आली असती का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर वाद बहुधा शिक्षणाच्या दर्जाचा नाही, भेदभावाचा आहे. मग आधी ती प्रक्रिया पार पाडण्याची सक्ती नाही.

त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेने त्या मुलीचं आणि वंडरचं आनंदाने स्वागत केलं होतं.