सांजप्रकाशातील किनारा-छायाचित्रण (कारवार परिसर)

सूर्य कलल्यापासून संधिप्रकाश मावळेपर्यंतच्या उजेडात समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे टिपण्याचा प्रकार. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी छायाचित्रकारांचे यासाठीचे हक्काचे ठिकाण म्हणजे कारवार. बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही. पण १९५६ पर्यंत बेळगाव आणि कारवार हे दोन्ही भाग मुंबई राज्यात होते, आणि सीमालढ्याच्या घोषणेत आजही ही नावे एका दमात घेतली जातात. सकाळी निघून खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरला, की जेवणखाण आटोपून चारच्या सुमारास वाळूवर उभे राहता येते. सूर्य उगवतो तो सह्याद्रीच्या मागून; समुद्रावर मिळतो तो सूर्यास्तच.

कारवार सुमारे १४.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इतक्या दक्षिणेला सूर्य जवळजवळ उभाच खाली येतो. क्षितिजापासून सहा अंशांवर आलेला सूर्य बुडायला जेमतेम पंचवीस मिनिटे लागतात, आणि बिंब पाण्याला टेकले की सव्वादोन मिनिटांत खेळ संपतो. छायाचित्रणाची पुष्कळशी पुस्तके युरोपातल्या लांबलचक सोनेरी उजेडाला धरून लिहिलेली असतात. ती वाचून आलेला माणूस इथे ट्रायपॉड लावेपर्यंत उजेड निघून गेलेला असतो. सूर्यास्तानंतर वापरण्याजोगा संधिप्रकाशही साधारण बावीस मिनिटांचाच.

मावळतीची जागाही वर्षभरात सरकते. २१ जूनला सूर्य खऱ्या पश्चिमेच्या सुमारे २४ अंश उत्तरेला बुडतो, २२ डिसेंबरच्या आसपास तितकाच दक्षिणेला. त्यामुळे रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावरून हिवाळ्यात सूर्य बैतखोल बंदराच्या अंगाला झुकतो आणि उन्हाळ्याकडे कूर्मगड बेटाच्या बाजूला येतो. एखाद्याचा फोटो आवडला म्हणून वेगळ्या महिन्यात त्याच जागी जाऊन तोच फोटो मिळत नाही. (टागोर १८८३ मध्ये थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश असताना येऊन राहिले होते, म्हणून किनाऱ्याला हे नाव.)

या प्रकारात कॅमेऱ्याइतकेच पंचांग कामाचे असते. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकरावर जातो, म्हणून ओहोटी पाचच्या आसपास लागते. कारवारला यात थोडा फरक पडतो, पण बेत आखायला एवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत, म्हणजे उधाणाच्या भरतीनंतर, पाणी खूप मागे हटते. मावळतीच्या वेळी ओल्या वाळूचा लांबरुंद पट्टा उघडा पडतो आणि आकाशाचा रंग त्यात उतरतो. अष्टमीला त्याच जागी पाणी वर चढलेले असते. तेव्हा खडकांवर फुटणाऱ्या लाटा घ्याव्यात, प्रतिबिंबाचा नाद सोडावा.

माजाळीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीलगत तीळमाती नावाचा छोटा किनारा आहे. तिथली वाळू तिळासारखी काळी. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे धरून मोजते. चौकट काळ्या वाळूने भरली, की ते उजेड वाढवते, वाळू राखाडी दिसू लागते आणि आकाश पांढरेफटक जळते. इथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, एक ते दीड स्टॉप खाली आणावे (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). पांढऱ्या वाळूवर याच्या नेमके उलट. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घेतला तर सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेले आकाश मात्र परत येत नाही.

बहुतेकांचा जीव सूर्याच्या बिंबात अडकलेला असतो. ५० मिमीच्या लेन्सवर ते बिंब सेन्सरवर अर्ध्या मिमीचेही उमटत नाही. ४०० मिमीवर सुमारे पावणेचार मिमी होते. शिवाय लांब लेन्समधून, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तळपत्या सूर्याकडे बघणे डोळ्यांना घातक. मागचा स्क्रीन वापरावा. खरे तर नुसत्या बिंबाचे फोटो कुठल्याही किनाऱ्यावरचे सारखेच दिसतात. सूर्य २० अंशांवर असताना, म्हणजे मावळण्याच्या सव्वा-दीड तास आधी, सावल्या वस्तूच्या पावणेतीन पट लांब पडतात. तेव्हा वाळूवरची प्रत्येक सुरकुती, होडीच्या फळ्या, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांच्या हातांच्या शिरा उठून दिसतात. त्यांचे फोटो विचारून घ्यावेत, आणि ओढ चालू असताना दोरीच्या आड येऊ नये. याच वेळी टागोर किनाऱ्यावरून उत्तरेकडे वळले तर काळी नदीचे मुख आणि सदाशिवगडाचा डोंगर उजळलेला दिसतो. जुन्या फोटोंत नदीवर दोन समांतर पूल आहेत; त्यांतला जुना ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला.

हंगामाचा फरक मोठा असतो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, ढगही उरलेले असतात, आणि बुडालेला सूर्य त्यांना खालून रंगवतो. म्हणून बिंब गेले की गाडीकडे पळू नये. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, पण क्षितिजावर धूसर थर. सूर्य पाण्याला टेकण्याआधीच लाल टिकलीसारखा विरतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ट्रॉलर बंदरात दाटीने उभे असतात. घाटात दरडीही याच दिवसांत कोसळतात.

दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि लेन्सवर मिठाचा पापुद्रा बसतो. सूर्य समोर घेतला की सगळा फोटो दुधाळ होतो. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसल्यास मीठ काचेला ओरखडे पाडते, आधी ओलसर कापड फिरवावे.

कारवारच्या दक्षिणेला आरगे येथे नौदलाचा 'आयएनएस कदंब' तळ आहे. त्याचे छायाचित्रण निषिद्ध असून परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. प्री-वेडिंगवाल्यांनी ड्रोनचे ठरवण्याआधी हे विचारून घ्यावे. टागोर किनाऱ्यावरची संग्रहालय झालेली 'आयएनएस चपळ' ही जुनी युद्धनौका मात्र बाहेरून खुशाल टिपावी.