आयोवाचं शीत, अमेरिकेचा भात

११ फेब्रुवारी २०२०. न्यू हॅम्पशायर या छोट्याशा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याचं, मतदान अजून चालूच होतं, आणि जो बायडन यांनी तिथला मुक्काम हलवला. निकालाची वाट न बघता ते साउथ कॅरोलायनाला निघून गेले. रात्री आकडे आले: पाचवा क्रमांक, जेमतेम ८ टक्के मतं. आठच दिवस आधी आयोवात ते चौथे आले होते. २०१९ चं जवळपास अख्खं वर्ष देशभरच्या जनमत चाचण्यांत पहिल्या क्रमांकावर असलेल्या माणसाची ही अवस्था. अनेक जाणकारांनी त्या रात्री त्यांना मोडीत काढलं.

अठरा दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, साउथ कॅरोलायनाने बायडन यांना सुमारे ४९ टक्के मतं दिली. दुसऱ्या क्रमांकावरचे बर्नी सँडर्स २० टक्क्यांवर राहिले. त्यानंतरच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार शर्यतीतून बाहेर पडले आणि त्यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला, ज्याला तिथे ‘सुपर ट्यूजडे’ म्हणतात, १४ पैकी १० राज्यं बायडन यांनी जिंकली. मेलेली आघाडी उठून उभी राहिली.

आता बारा वर्षं मागे जाऊ. राज्य तेच, पक्ष तोच. २००७ मध्ये हिलरी क्लिंटन देशभरच्या चाचण्यांत इतक्या पुढे होत्या की काही वेळा फरक २० टक्क्यांच्याही वर गेला. ३ जानेवारी २००८ ला आयोवात त्या तिसऱ्या आल्या, बराक ओबामा पहिले. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात निकाल लागला: ओबामा ५५ टक्के, क्लिंटन २७. बायडनपेक्षा भक्कम दिसणारी त्यांची आघाडी गेली ती गेलीच.

एकाची आघाडी दोन मोठे पराभव पचवून टिकते, दुसरीची एका धक्क्यात विरघळायला लागते. यात नशीब किती आणि नियम किती, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र या तिघांनी मिळून त्याचं बऱ्यापैकी उत्तर दिलं आहे.

आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेतही १९६८ पर्यंत साधारण तसंच होतं. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावर जो भडका उडाला, त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवार निवडण्याची सत्ता खऱ्या अर्थाने सामान्य मतदाराकडे गेली. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. मतदान मात्र एका दिवशी होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात करून राज्यामागून राज्य, जूनपर्यंत. मतांवरून उमेदवाराला प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट मिळतात, आणि ते उन्हाळ्यातल्या अधिवेशनात शिक्कामोर्तब करतात. एकामागून एक मतदान होतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

चाचण्यांतली सुरुवातीची आघाडी मुळात काय मोजते? मतदानाला वर्षभर अवकाश असताना कोणी फोन करून विचारलं, की या दहा जणांपैकी कोण हवा, तर माणूस ओळखीचं नाव सांगतो. २००३ च्या सुरुवातीला डेमोक्रॅटिक चाचण्यांत जो लीबरमन पुढे होते. कारण उघड आहे, २००० मध्ये ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि त्यांचं नाव घरोघरी पोचलेलं होतं. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही. रुडी जुलियानी यांचं तसंच झालं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या वेळचे न्यूयॉर्कचे महापौर म्हणून त्यांना सगळा देश ओळखत होता, २००७ चा बराचसा काळ ते रिपब्लिकन चाचण्यांत पहिले होते. त्यांनी सुरुवातीच्या राज्यांचा नाद सोडून फ्लोरिडावर सगळी मदार ठेवली. २९ जानेवारी २००८ ला फ्लोरिडात ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले.

याचं एक उदाहरण मराठी माणसाचंही आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाची नव्हे, पण यंत्रणा तीच. त्यांनी स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर ओतले, टीव्हीवर लवकर जाहिराती सुरू केल्या, आणि त्या वसंतात काही चाचण्यांत ते चक्क पहिल्या क्रमांकावर दिसले. ऑगस्टमध्ये मतदान झालं तेव्हा ग्रेचेन व्हिटमर यांना निम्म्याहून अधिक मतं होती आणि ठाणेदार सुमारे १८ टक्क्यांवर तिसरे. जाहिरातीने नाव पोचवलं होतं. बाकीच्यांची नावं पोचेपर्यंत ते नाव एकटं होतं, एवढाच त्या आघाडीचा अर्थ होता. (पुढे २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून गेले, हेही सांगायला हवं.)

त्यात आकड्यांचा स्वतःचा थरकाप असतो. समजा ४०० लोकांच्या चाचणीत एकाला २४ टक्के आणि दुसऱ्याला १९ टक्के मिळाले. बातमीत ‘पाच टक्क्यांची आघाडी’ येते. पण एवढ्या नमुन्यात दोघांमधल्या फरकाची त्रुटीच, म्हणजे नमुन्यामुळे होऊ शकणारी चूकच, साधारण अधिक-उणे ६ टक्के निघते. म्हणजे पुढे कोण आहे हेच नक्की नाही. जाहीर केलेली त्रुटी एकेका आकड्याची असते, फरकाची त्याहून मोठी असते. ही एक गोष्ट वर्तमानपत्रांनी मथळ्याखाली छापली तरी वाचकांवर उपकार होतील.

नाव ओळखीचं असणं ही कच्ची माहिती. ती पक्की कशी होते? ब्रायन नाइट आणि नेथन शिफ या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतल्या रोजच्या सर्वेक्षणांचा अभ्यास करून २०१० मध्ये एक निष्कर्ष मांडला: उमेदवार निवडण्यात सुरुवातीच्या राज्यांतल्या मतदाराचं वजन उशिराच्या मतदारापेक्षा पाचपटीपर्यंत असू शकतं. कारण साधं आहे. उशिराचा मतदार आधीच्यांकडे बघून शिकतो. नव्या गावात डॉक्टर शोधताना आपण आधी आलेल्या शेजाऱ्याला विचारतो, तसंच. पण शेजाऱ्याच्या शब्दाला किंमत किती द्यायची, हे आपल्याला आधी काय वाटत होतं त्यावर ठरतं. त्याने अपेक्षेप्रमाणे सांगितलं तर मत हलत नाही, अनपेक्षित सांगितलं तर हलतं. संख्याशास्त्रात याला बेझचा नियम म्हणतात: जुना विश्वास, त्यावर नवा पुरावा, मिळून नवा विश्वास. पुरावा जितका धक्कादायक, तितका विश्वास सरकतो.

हे एकदा ध्यानात आलं की प्रायमरीच्या इतिहासातली विचित्र प्रकरणं उलगडायला लागतात. १९७२ मध्ये एडमंड मस्की यांनी न्यू हॅम्पशायर ४६ विरुद्ध ३७ असं जिंकलं, तरी ती हार मानली गेली. ते शेजारच्या मेन राज्याचे, पुढे असलेले उमेदवार. त्यांनी निम्म्याहून जास्त मतं घ्यावीत अशी अपेक्षा होती. जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या ३७ टक्क्यांनी नवी माहिती दिली आणि अखेर उमेदवारी त्यांना मिळाली. १९८४ मध्ये वॉल्टर माँडेल यांनी आयोवात ४९ टक्के घेतले, गॅरी हार्ट यांनी १६ च्या आसपास. तरी चर्चा हार्टची. आठवड्याने न्यू हॅम्पशायर हार्ट यांनी जिंकलंही. २००४ मध्ये हॉवर्ड डीन मतदान सुरू होण्याआधी पुढे होते, जॉन केरी पार मागे. आयोवात केरी ३८ टक्के, डीन १८. पुढची राज्यं केरींच्या मागे धावली.

पुढे असणाऱ्या उमेदवारावर हा अन्यायच म्हणायचा. तो जिंकला तर कोणी काही नवं शिकत नाही, पण थोडा जरी घसरला तरी सगळे शिकतात.

मग बायडन का नाही बुडाले? पुन्हा साउथ कॅरोलायनात जाऊ, कारण ह्या दोन निवडणुकांची तुलना मला सगळ्यात बोलकी वाटते. तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन्ही राज्यं जवळपास ९० टक्के गोरी. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकसारखा शिजला असेल तर. आयोवाचं शीत पातेल्याच्या एका कडेचं आहे.

२००७ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांतही क्लिंटन यांना मोठा पाठिंबा होता. काही चाचण्यांत त्या ओबामांच्या पुढे होत्या. या मतदारांना ओबामा आवडत नव्हते असं नाही. प्रश्न वेगळा होता: गोरा अमेरिकन या माणसाला मत देईल का? आयोवाने नेमकं त्याचंच उत्तर दिलं. जवळपास संपूर्ण गोऱ्या राज्यात ओबामा पहिले. शेजाऱ्याकडून जी एक गोष्ट कळायला हवी होती ती कळली, आणि तीन आठवड्यांनी मतदान केंद्राबाहेरच्या सर्वेक्षणात साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांपैकी ७८ टक्के ओबामांकडे गेल्याचं दिसलं.

२०२० मध्ये आयोवाने याच मतदारांना काय सांगितलं? की आयोवाच्या गोऱ्या डेमोक्रॅटांना बुटिजेज आणि सँडर्स आवडतात. साउथ कॅरोलायनाला त्याचं काय? ओबामांच्या खांद्याला खांदा लावून आठ वर्षं उपाध्यक्ष राहिलेला माणूस त्यांच्या माहितीचा होता. नुसत्या नावाने नाही, कामाने. त्यात मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना जाहीर पाठिंबा दिला. आयोवाचा पुरावा या जुन्या विश्वासापुढे तोकडा पडला. बायडन यांची आघाडी फेब्रुवारीत मेली नव्हती. ज्यांच्याकडे ती होती त्यांची पाळीच आली नव्हती. आघाडी किती टक्क्यांची आहे याहून ती कोणाकडे आहे आणि कशावर उभी आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच्या पुढचं काम गणित करतं. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात, १५ टक्क्यांच्या खाली असलेल्याला काही नाही. त्यामुळे एकदा मिळालेली प्रतिनिधींची आघाडी मोडायला महाकठीण, कारण मोठ्या राज्यात निसटता विजय मिळवून पदरात फार थोडं पडतं. २००८ च्या सुपर ट्यूजडेला क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकलं, ११ लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं होतं. प्रतिनिधी ५९ विरुद्ध ४८: कमाई ११. त्याच दिवशी आयडाहोत वीस-एकवीस हजार लोक कॉकसला जमले, म्हणजे सभेत प्रत्यक्ष हजर राहून मतदान. ओबामा १५, क्लिंटन ३: कमाई १२. न्यू जर्सीहून जास्त! ओबामांच्या माणसांनी नियमांची पुस्तिका नीट वाचली होती. मार्चपासून जूनपर्यंत क्लिंटन यांनी ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशी मोठी राज्यं जिंकली, पण ती तूट भरून निघाली नाही.

रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यांत पहिल्याला सगळं किंवा बहुतेक सगळं मिळतं. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डॉनल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि ५० पैकी ५० प्रतिनिधी. तीनपैकी दोन मतदार दुसऱ्यांकडे होते, पण ते दुसरे पाच जण होते. पक्षातली वजनदार मंडळी पडद्याआड उमेदवार ठरवतात आणि मतदार तो मान्य करतात, असा सिद्धांत त्या वेळी राज्यशास्त्रात मान्यता पावलेला होता. त्याच शर्यतीतले उमेदवार जेब बुश यांच्या पाठीशी दहा कोटींहून अधिक डॉलरचा निधी होता. ट्रम्प यांनी तो सिद्धांत भर चौकात उलटवला.

१९८० पासूनच्या खऱ्या चुरशीच्या लढती घेऊन मी एक साधा हिशेब मांडला: आदल्या वर्षाच्या सुरुवातीच्या काळात चाचण्यांत पुढे असलेला शेवटी उमेदवार झाला का? रिपब्लिकनांत रेगन, थोरले बुश, डोल, धाकटे बुश, अडखळत रॉम्नी, आणि २०२४ चे ट्रम्प टिकले, जुलियानी पडले. २०१५ च्या सुरुवातीला ठाम असा कोणी पुढे नव्हताच. डेमोक्रॅटांत माँडेल, गोर, २०१६ च्या क्लिंटन आणि बायडन टिकले. एडवर्ड केनेडी, हार्ट, लीबरमन आणि २००८ च्या क्लिंटन पडल्या. १९९१ मध्ये पुढे असलेले मारिओ क्युओमो तर उभेच राहिले नाहीत. म्हणजे सोळापैकी दहा. सोळा लढतींवरून नियम काढणं धाडसाचं आहे, आणि ‘सुरुवातीचा काळ’ कुठे धरायचा यावर एखादं नाव इकडचं तिकडे होईल. तरी रिपब्लिकनांकडे सहा-एक आणि डेमोक्रॅटांकडे चार-पाच हा फरक डोळ्यात भरतो. माझ्या मते त्यात पहिल्याला झुकतं माप देणाऱ्या नियमांचा वाटा आहे, आणि मतदारवर्ग कमी विखुरलेला असण्याचाही. एकाच प्रकारच्या तांदळाचा भात एकाच वेळी शिजतो.

२०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने क्रम बदलला. अधिकृत वेळापत्रकात ३ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना सर्वांत आधी, आयोवा मागे. नव्या क्रमाची परीक्षा घेणारी लढत मात्र झाली नाही. विद्यमान अध्यक्षांसमोर तोलामोलाचं कोणी उभं राहिलं नाही. बायडन यांनी बहुतेक सगळे प्रतिनिधी जिंकले आणि २१ जुलैला माघार घेतली. उमेदवारी कमला हॅरिस यांच्याकडे गेली, ज्या डिसेंबर २०१९ मध्ये एकही मत पडण्याआधी शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. प्रायमरी न लढता मोठ्या पक्षाची उमेदवारी मिळाल्याची अशी घटना याआधी घडली होती ती १९६८ मध्ये, ह्युबर्ट हम्फ्री यांच्या वेळी. योगायोग असा की, २०२४ चं अधिवेशनही शिकागोतच भरलं.